कादंबरीच्या कथानकाचा सारांश मुलांना कसा शिकवावा?

खडू_डस्टर

आठवी ते दहावीच्या मुलांना पूर्ण कादंबरी वाचायला दिली आणि २०० शब्दांत कथानकाचा सारांश मागितला, की वह्यांत ठरावीक तीन प्रकार दिसतात. पहिला, सुरुवातीच्या पाच-सहा प्रकरणांचा इत्थंभूत वृत्तान्त आणि मग एकदम "शेवटी सगळं चांगलं होतं". दुसरा, मलपृष्ठावरचा मजकूर थोडा इकडचा तिकडे केलेला. तिसरा, "ही कादंबरी आपल्याला कष्टाचं महत्त्व शिकवते" छापाचं तात्पर्य, ज्यात कथानक औषधालाही सापडत नाही.

उताऱ्याचा सारांश याच मुलांना बऱ्यापैकी जमतो. मग कादंबरीपाशी घोडं कुठं पेंड खातं? वर्गात काय काय, कोणत्या क्रमाने करून घ्यावं? पुस्तक साधारण २५० पानांचं, ३० प्रकरणांचं धरा. "आधी वाचनाची गोडी लावा" हा सल्ला कृपया नको, पुस्तक वाचून झालेलं आहे.

समास

उताऱ्याच्या सवयीतच घोडं पेंड खातं. उताऱ्याचा सारांश एक-तृतीयांश करायचा असतो. तीन वाक्यांतली दोन गाळली, एक ठेवलं, थोडी डागडुजी केली की काम होतं. आता कादंबरीचं गणित करा. २५० पानं, पानाला २८० शब्द, म्हणजे ७०,००० शब्द. त्याचे २०० करायचे तर साडेतीनशे शब्दांमागे एक उरतो. गाळून गाळून तिथवर पोचता येतच नाही. पुस्तकातलं एकही वाक्य जसंच्या तसं सारांशात चालणार नाही, प्रत्येक वाक्य नवीन घडवावं लागतं. हे मुलांना कोणी सांगत नाही.

अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८३ मध्ये सारांशाचे नियम तपासले होते. बिनमहत्त्वाचं गाळणं, पुनरुक्ती गाळणं, अनेक गोष्टींना एक व्यापक नाव देणं, मुख्य वाक्य निवडणं आणि मुख्य वाक्य नसेल तर ते स्वतः तयार करणं. लहान मुलं बहुतांशी "उतरवा आणि गाळा" एवढंच करतात, आणि शेवटचा नियम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही जड जातो, असं त्यांना दिसलं. त्यांचे उतारे माहितीपर होते, कादंबऱ्या नव्हत्या. पण कादंबरीत तर त्या शेवटच्या नियमावाचून पाऊलच पुढे पडत नाही.

तेव्हा पहिली अट: लिहिताना पुस्तक बंद. अपवाद नाही. पुस्तक उघडं असेल तोवर मूल उतरवत राहणार.

पाटीपेन्सिल

समास यांना अनुमोदन, पण नुसतं पुस्तक बंद केलं तर मुलं आठवेल ते लिहितात. आठवतं काय, तर मजेशीर प्रसंग. म्हणून मधे चिठ्ठ्यांची पायरी हवी.

प्रत्येक प्रकरण वाचून झालं की एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच वाक्य, जास्तीत जास्त १५ शब्द, आणि वाक्याचा साचा ठरलेला: कोणी काय केलं आणि त्याने काय बदललं. दुसरा भाग महत्त्वाचा. "भिवा आणि शेवंता बाजारात जातात" ही चिठ्ठी परत. काय बदललं? काहीच बदललं नसेल तर चिठ्ठीवर फुली मारून ठेवायची, फेकायची नाही.

३० प्रकरणांच्या ३० चिठ्ठ्या होतात. पुस्तक संपल्यावर त्या बाकावर ओळीने मांडायच्या आणि एकेक उचलून विचारायचं, "ही काढली तर पुढची कुठली चिठ्ठी कोसळते?" एकही कोसळत नसेल तर ती बाहेर. पहिल्या फेरीत साधारण १५ उरतात. दुसऱ्या फेरीत शेजारच्या चिठ्ठ्या एकत्र करता येतात का ते पाहायचं. १० ते १२ उरल्या की थांबायचं. त्याहून कमी केल्या तर सांगाडा मोडतो.

चिठ्ठ्या वाचतानाच लिहून घ्या. पूर्ण वाचून झाल्यावर मागे जाऊन लिहायला लावल्या तर पहिल्या दहा भरगच्च आणि शेवटच्या दहा दोन-दोन शब्दांच्या येतात. धाग्यात म्हटलेला पहिला प्रकार तिथेच जन्माला येतो.

खडू_डस्टर

भिवा आणि शेवंता कोण?

पाटीपेन्सिल

आत्ता बनवलेली माणसं. :) वर्गात दाखवायला एक छोटं, मनचं कथानक हाताशी असलेलं बरं. मुलांनी वाचलेल्याच कादंबरीवर नमुना दिला तर तोच सगळ्या वह्यांत उतरतो.

कथानक असं. भिवा नदीवरचा नावाडी. मुलीच्या, शेवंताच्या शिक्षणाचा खर्च नावेवर चालतो. नदीवर पूल होणार असं कळतं. तो रात्री मोजणीचे खुंट हलवतो. काम रखडतं आणि पावसाळ्यात सापडतं. अर्धवट खांब पुरात कोसळतो, एक मजूर जायबंदी होतो. दोष तरुण देखरेख्या सदानंदवर येतो, त्याची नोकरी जाते. शेवंताला खरं काय ते कळतं. ती बापाला कबुली द्यायला लावते. भिवाचा नावेचा परवाना जातो, सदानंद परत कामावर येतो, पूल पुरा होतो आणि शेवंता त्याच पुलावरून शिकायला बाहेर पडते.

एक चिठ्ठी जवळून पाहू. प्रकरण ९: शेवंता आणि मैत्रीण नदी पोहून जाण्याची पैज लावतात, शेवंता दमते, नावेला धरून वर चढते, तिथे फळीखाली तिला चिखलाने भरलेले खुंट दिसतात. मुलं चिठ्ठी लिहितात "शेवंता पैज हरते". काढून पाहिली तर काहीच कोसळत नाही, म्हणून बाहेर टाकतात. आणि मग प्रकरण २१ मध्ये तिला बापाचं कृत्य कसं कळलं याचा पत्ता लागत नाही. पैज जायला हवी, खुंट राहायला हवेत. प्रसंग गाळा, पण त्यातून जे हाती लागलं ते ठेवा. काढून पाहण्याची कसोटी प्रकरणाला लावायची नाही, प्रकरणाच्या परिणामाला लावायची.

अनुक्रमणिका

आता याच चिठ्ठ्या वह्यांत कशा उतरतात तेही पाहा:

"भिवा एक नावाडी असतो. त्याला शेवंता नावाची मुलगी असते. एके दिवशी गावात पूल बांधायला माणसं येतात. मग भिवा खुंट हलवतो. मग खूप पाऊस पडतो. मग खांब कोसळतो आणि एका मजुराला लागतं. मग सदानंदची नोकरी जाते. मग शेवंता भिवाला समजावते. मग भिवा कबूल करतो. शेवटी पूल होतो."

यात चुकीचं एकही वाक्य नाही. तरी हे कथानक नाही, घटनांची यादी आहे. भिवाने खुंट का हलवले? खांब का कोसळला? पावसामुळे, की खुंटांमुळे? सदानंदचा काय संबंध? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये हा फरक मांडला. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक.

वर्गातला उपाय अगदी साधा. उरलेल्या १०-१२ चिठ्ठ्यांच्या मधल्या फटींत जोडशब्दांच्या छोट्या चिठ्ठ्या ठेवायच्या. "मग" हा शब्द त्या दिवसापुरता बंद. चालणारे शब्द: म्हणून, त्यामुळे, पण, तरीही, तोवर, उलट. प्रत्येक फटीत मुलाने शब्द निवडायचा आणि शेजाऱ्याला "का?" याचं उत्तर द्यायचं. जिथे "म्हणून"ही बसत नाही आणि "पण"ही नाही, तिथे मधली एखादी चिठ्ठी चुकून बाहेर गेली आहे किंवा दोन्हींपैकी एक फालतू आहे. चूक कुठे आहे ते फटच दाखवते, शिक्षकाला तोंड उघडावं लागत नाही.

सावध राहायची जागा: "त्यामुळे" मोकाट सुटतं. "खूप पाऊस पडतो त्यामुळे सदानंदची नोकरी जाते." दोन टोकांमधल्या तीन कड्या गिळल्या की असलं वाक्य होतं. कसोटी म्हणून वाक्य उलटं करून विचारा: "पाऊस पडला नसता तर सदानंदची नोकरी राहिली असती का?" मूल स्वतःच म्हणतं, "पण खांब कोसळला नसता तर..." आणि कडी सापडते.

शेवटचा_बाक

"मग" बंद केलं की मुलं पळवाट काढतात. "पूल होणार हे ऐकून, घाबरून, रात्री उठून, नदीवर जाऊन, खुंट उपटून भिवा घरी येतो." हे -ऊन फार लबाड आहे. त्यात नुसता क्रमही मावतो आणि कारणही मावतं, त्यामुळे मुलाला कारण कळलंय की नाही ते लपून जातं. "पत्र वाचून ती घर सोडते" म्हणजे वाचलं आणि मग सोडलं, की पत्रातल्या मजकुरामुळे सोडलं?

नियम ठेवा: एका वाक्यात -ऊन एकदाच. दुसरं आलं की वाक्य तोडायचं किंवा जोडशब्द घालायचा.

सर्वनामांचंही तसंच. "त्याने त्याला सांगितलं की त्याची नोकरी गेली." कोणाची? सारांशात एका वाक्यात दोन पुरुष आले की दोघांचीही नावं लिहायची, कानाला खटकलं तरी चालेल.

समास

काळाबद्दलही ठरवून टाका. कथानकाचा सारांश वर्तमानकाळात, तृतीय पुरुषी: "भिवा खुंट हलवतो." आधी घडून गेलेलं असेल तेवढंच "हलवलेले असतात". कादंबरी "मी"ने सांगितलेली असली तरी सारांशात "मी" नको, निवेदकाला नाव द्या. मुलं पहिली दोन वाक्यं वर्तमानकाळात लिहून तिसऱ्यापासून भूतकाळात घसरतात, कारण पुस्तक भूतकाळात असतं. शेवटच्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघा मारायला लावा, दोन मिनिटांत दिसतं.

संवाद जसाच्या तसा नकोच. "'बाबा, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते,' असं शेवंता म्हणते" याचं "शेवंता बापाला कबुलीसाठी निर्वाणीचा इशारा देते" असं करता येणं, हाच तो नवीन वाक्य घडवण्याचा नियम. यावर वेगळी तासिका घालवली तरी ती वाया जात नाही. पुस्तकातले पाच संवाद फळ्यावर, प्रत्येकासाठी एकच क्रियापद शोधायचं: धमकावते, विनवतो, नाकारते, टाळतो, कबूल करतो.

भिंगरी

एवढा खटाटोप कशाला? "कोण – काय हवं – पण – म्हणून – अखेर" ही पाच खणांची चौकट द्या, पाच वाक्यं होतात, काम संपलं. मेकन, ब्यूएल आणि वोट यांनी १९९१ मध्ये पहिले चार खण मांडले, "अखेर" नंतर जोडलं गेलं, जगभर वापरतात.

पाटीपेन्सिल

चौकट चांगली आहे, पण ती लघुकथेच्या मापाची आहे. कादंबरीला एकच चौकट लावली तर मधली २० प्रकरणं एका "म्हणून" मध्ये कोंबली जातात. "भिवाला मुलीला शिकवायचं असतं, पण पूल होणार असतो, म्हणून तो खुंट हलवतो, अखेर तो कबुली देतो." सदानंद गेला, मजूर गेला, शेवंताची घालमेल गेली.

चौकट साखळीने वापरा. एका चौकटीचं "अखेर" हे पुढच्या चौकटीचं "पण". भिवाने काम रखडवलं. त्या रखडण्यानेच निरपराध माणूस गोत्यात आला. ३० प्रकरणांच्या कादंबरीला तीन किंवा चार चौकटी पुरतात. आणि "काय हवं" हा खण प्रत्येक चौकटीत नव्याने भरायचा, कारण पात्राला काय हवंय ते मधे बदलतं. आधी भिवाला नाव वाचवायची असते, नंतर मुलीच्या नजरेतली पत. हा बदल पकडता आला की सारांश निम्मा झाला.

भिंगरी

हे पटलं. साखळीचा विचार केला नव्हता. पण "काय हवं" मध्ये मुलं "सुखी व्हायचं असतं", "न्याय हवा असतो" असं भरतात, त्याचं काय?

अनुक्रमणिका

खणात नाम नको, क्रियापद हवं, आणि ते कॅमेऱ्यात दिसेल असं. "सुख" दिसत नाही. "मुलीची फी भरत राहायची असते" दिसतं. मोघम इच्छेतून पुढची एकही घटना निघत नाही, म्हणून साखळी तिथेच तुटते.

खडू_डस्टर

फार उपयोगी चाललंय. दोन अडचणी राहिल्या. शब्दमर्यादा कशी वाटायची? पहिल्या भागातच १२० शब्द खर्च होतात. आणि कादंबरी मागे-पुढे उड्या मारणारी असेल तर सारांश कुठल्या क्रमाने?

समास

शब्द मोजू नका, वाक्यं मोजा. २०० शब्द म्हणजे १३ शब्दांची १५ वाक्यं. लिहिण्याआधी कागदावर १ ते १५ आकडे टाकायचे. १ ते ३: कोण, कुठं, काय हवं, काय आडवं आलं. ४ ते ११: साखळी. १२-१३: जिथे सगळं पणाला लागतं तो प्रसंग. १४-१५: निकाल काय लागला. तिसऱ्या वाक्यापर्यंत पूल यायलाच हवा. भिवाचं बालपण, बायकोचा मृत्यू, नदीचं वर्णन यांना जागाच उरत नाही, आणि नेमकं तेच हवं.

आणखी एक युक्ती: शेवटून लिहायला लावा. आधी १५वं वाक्य, मग १२वं-१३वं, मग मागे मागे. शेवट समोर असला की सुरुवातीला काय अवश्य हवं ते आपोआप ठरतं. पुलावरून शेवंता शिकायला जाते हे आधी लिहिलेलं असलं की पहिल्या वाक्यात तिचं शिक्षण यायलाच हवं हे मुलाला कळतं. मलपृष्ठ उतरवणाऱ्यांनाही हा चाप बसतो, कारण मलपृष्ठावर शेवट नसतोच. वाचकाला पुस्तक घ्यायला लावणं हे त्याचं काम, म्हणून ते प्रश्नचिन्हावर संपतं. कथानकाच्या सारांशात "पुढे काय होतं ते वाचा" याला शून्य.

शेवटचा_बाक

क्रमाबद्दल: घटना घडल्या त्या क्रमाने. पुस्तकात मजुराचा अपघात पहिल्या प्रकरणात असेल आणि खुंट दहाव्यात उलगडत असतील तरी सारांशात खुंट आधी. चिठ्ठीच्या कोपऱ्यात दोन आकडे घालायला सांगा, डावीकडे प्रकरणाचा, उजवीकडे घडण्याचा. मांडताना उजवा आकडा बघायचा.

अनुक्रमणिका

इथे मतभेद. रहस्य हाच ज्या कादंबरीचा कणा आहे तिथे घडण्याच्या क्रमाने लिहिलं तर पहिल्याच वाक्यात गुन्हेगार सांगावा लागतो आणि मग तपास करणारं पात्र पुढची आठ वाक्यं काय करतंय ते कळेनासं होतं. तिथे शोधाची साखळी हेच कथानक. कोणाला कधी काय कळलं, त्या क्रमाने लिहावं. माझा ठोकताळा: गतकाळाची प्रकरणं फक्त माहिती पुरवत असतील तर घडण्याच्या क्रमाने, ती कळल्यामुळे वर्तमानातलं पात्र काही वेगळं करत असेल तर कळण्याच्या क्रमाने.

शेवटचा_बाक

मान्य, पण आठवीला हा निवाडा मुलांवर सोडू नका. पुस्तक देतानाच कोणता क्रम ते शिक्षकाने ठरवून सांगावं. दहावीला मुलांना ठरवू द्या आणि कारण विचारा.

भिंगरी

आणि ज्या कादंबरीत काही घडतच नाही? पात्र नुसतं विचार करत बसलंय अशी?

पाटीपेन्सिल

तिथे चिठ्ठीचा साचा बदला: आधी काय वाटत होतं, कशाने हललं, आता काय वाटतं. बाकी सगळी रीत तीच. पण पहिली कादंबरी म्हणून असलं पुस्तक निवडू नका. दोन-तीन उपकथानकं असलेलंही नको. उपकथानकाला एकच प्रश्न: ते मुख्य साखळीला कुठे चिकटतं? चिकटत असेल त्या जागी एक वाक्य, नसेल तर एकही नाही.

नावांवरही मर्यादा घाला, २०० शब्दांत चार. बाकीच्यांना नात्याने किंवा कामाने ओळखायचं: मजूर, मैत्रीण, ठेकेदार.

खडू_डस्टर

तासिकांचा हिशोब कसा धरावा?

समास

वाचन आणि चिठ्ठ्या सोडून ३५ मिनिटांच्या पाच तासिका. पहिली, भिवाच्या कथानकावर नमुना. दुसरी, चिठ्ठ्या गाळणं, चौघांच्या गटात, कारण "काढली तर काय कोसळतं" यावर वाद व्हायला हवा. तिसरी, जोडशब्द आणि तोंडी सांगणं: चिठ्ठ्या पालथ्या ठेवून जोडीदाराला दीड मिनिटात कथानक सांगायचं, जोडीदार "का?" एवढंच विचारणार. ही तासिका घाईत उरकू नका. तोंडी अडखळतं तिथेच लेखनात भगदाड पडतं. चौथी, पुस्तक आणि चिठ्ठ्या दोन्ही बंद करून लेखन, फक्त १ ते १५ आकडे समोर. पाचवी, दुरुस्ती.

दुरुस्तीत एकाच वाचनात सगळं शोधायला लावू नका. एक वाचन फक्त क्रियापदांचं, एक "तो-ती"चं, एक स्वतःच्या मतांचं. "दुर्दैवाने", "बिचारा", "हृदयस्पर्शी" असले शब्द खोडायचे. दुर्दैवाने काही होत नसतं, कशाने तरी होतं, आणि ते "कशाने" लिहायचं राहिलेलं असतं.

खडू_डस्टर

आणि गुण? शिवाय आयते सारांश इंटरनेटवर मिळतात, एआय तर क्षणात लिहून देतं.

अनुक्रमणिका

म्हणूनच चिठ्ठ्यांना गुण द्या. १० पैकी ३ चिठ्ठ्यांना: सगळ्या आहेत का, "काय बदललं" लिहिलंय का, बाहेर काढलेल्यांच्या मागे कारण आहे का. ४ साखळीला: परीक्षकाने कुठल्याही दोन सलग वाक्यांवर बोट ठेवून "का?" विचारलं तर उत्तर त्या सारांशातच मिळायला हवं, अशा चार जागा तपासा, प्रत्येकी १. शेवट स्पष्ट असेल तर १. काळ, सर्वनामं आणि नावांची मर्यादा पाळली तर १. शब्दमर्यादेला १, दोन्हीकडे २० शब्दांची सूट.

लेखन वर्गातच करून घ्यायचं. आणि आयता सारांश आलाच तर तो चोरी म्हणून बाजूला टाकण्याऐवजी कामाला लावा: वर्गाला द्या आणि त्यातली प्रत्येक फट "म्हणून" आणि "पण"ने तपासायला सांगा. पुस्तक वाचलेल्या मुलांना त्यातले गुळगुळीत "अनेक अडचणींवर मात करत" झटकन सापडतात. मग विचारायचं, कोणत्या अडचणी, कोणत्या प्रकरणात?

शेवटचा_बाक

सिनेमा पाहून लिहिणाऱ्यांसाठी: पुस्तक आणि सिनेमा जिथे वेगळे होतात ती दोन-तीन प्रकरणं आधीच शोधून ठेवा. साखळीच्या चार जागा तपासताना त्यातली एक तिथली घ्या.

भिंगरी

चिठ्ठ्यांऐवजी वहीत तक्ता चालेल का? ४० मुलांच्या ३० चिठ्ठ्या म्हणजे १,२०० कपटे.

पाटीपेन्सिल

तक्त्यात गाळणं होतं, हलवणं होत नाही, आणि दोन आकड्यांचा क्रम लावायचा असेल तर हलवावं लागतंच. ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा, एका मुलाला चार कागद पुरतात, जोडशब्दांसाठी पाचवा. चिठ्ठ्या रबरबँड लावून वहीच्या मागच्या खिशात. नाव प्रत्येक चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या, नाहीतर गटात सरमिसळ होते आणि अर्धी तासिका "ही माझी" यातच जाते. चिठ्ठ्या अगदीच नको असतील तर चौघांच्या गटाला मिळून एक संच, प्रकरणं वाटून. पण मग तिसऱ्या तासिकेआधी प्रत्येकाने पूर्ण संच वाचलाय याची खात्री करा, नाहीतर ज्याला त्याला आपलीच आठ प्रकरणं माहीत असतात.